तार आधी की गाडी?

आजचा एपिसोड एका फोनमुळे झालाय.

माझा आतेभाऊ पाटण तालुक्यात राहतो, डोंगराच्या अंगाला. सकाळी चार वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं, खाली संकलन केंद्रावर पोचवायचं, येताना पेंडीची पोती आणि लोकांचा बाजार घेऊन वर यायचं, हा त्याचा रोजचा धंदा. जुनी डिझेल गाडी आता थकलीय. गेल्या महिन्यात फोन आला, "दादा, इलेक्ट्रिक घेऊ का? का फसेन?"

आता मी इतिहासवाला माणूस. गाडीचं बॉनेट उघडलं की मला फक्त बॉनेट उघडल्याचं कळतं. पण त्याचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, अरे, हा प्रश्न तर जुना आहे! सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपुढे तो पहिल्यांदा आला होता. त्यांनी जे उत्तर दिलं, त्याची कारणं आपण शाळेत ऐकतो तेवढी सोपी नाहीत. तर चला, आधी तिकडे जाऊन येऊ.

सुरुवात शेतीच्या प्रदेशातच झाली होती

साल १८९० च्या आसपास. आयोवा राज्य, म्हणजे मक्याचा मुलूख. तिथल्या डे मॉइन शहरात विल्यम मॉरिसन नावाचा एक रसायनतज्ज्ञ होता, मूळचा स्कॉटलंडचा. त्याने एका घोडागाडीला बॅटऱ्या आणि मोटर बसवली. सहा माणसं बसायची, वेग ताशी बावीस-तेवीस किलोमीटर. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या चालत्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

पुढच्या दहा वर्षांत हवा अशी झाली की भविष्य विजेचंच. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक टॅक्स्या धावत होत्या. १८९९ मध्ये ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटार इलेक्ट्रिक होती, बेल्जियमच्या कमिल जेनात्झीची. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या बनल्या. त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. म्हणजे पेट्रोलचा नंबर तिसरा!

मग वीस वर्षांत असं काय झालं की इलेक्ट्रिक गाडी जवळजवळ गायब झाली?

नेहमीचं उत्तर असं, की बॅटरी कमजोर होती, रेंज कमी होती, पेट्रोल स्वस्त झालं. यात खोटं काही नाही. पण ही शहरात बसून सांगितलेली गोष्ट आहे. गावाकडून बघितलं की वेगळंच काहीतरी दिसतं.

रस्ता नाही, तारही नाही

१९०४ मध्ये अमेरिकन सरकारने ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. सुमारे वीस लाख मैल रस्ते निघाले. त्यातले खडी टाकून किंवा अशाच काही उपायाने सुधारलेले किती? जेमतेम सात टक्के. बाकी सगळा मातीचा कारभार. पाऊस पडला की चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, चाकोऱ्या गुडघाभर खोल. आपल्याला काही नवीन नाही म्हणा!

अशा रस्त्यावर शिशाच्या जड बॅटऱ्या घेऊन जाणारी गाडी म्हणजे ओझ्याचा बैल. चिखलात आणि चढाला बॅटरी भराभर उतरायची. शहरातल्या फरसबंदीवर जी रेंज मिळायची, ती इथे मिळणं शक्यच नव्हतं.

पण समजा, रस्ता चांगला असता. तरी गाडी चार्ज कुठे करायची? शेतकऱ्याच्या घरी वीजच नव्हती. वीज कंपन्यांचा हिशोब साधा होता. शहरात एक मैल तार ओढली की शेकडो गिऱ्हाइकं, गावाकडे दोन-तीन. कोण ओढेल तार?

पेट्रोलचं मात्र तसं नव्हतं. दिव्यासाठी रॉकेल गावोगावी आधीच पोचत होतं. त्याच वाटेने पेट्रोलही आलं. किराणा दुकानात, लोहाराकडे डब्यातून मिळायचं. घोडागाडीत डबा टाकायचा आणि घरी आणायचा. वीज अशी डब्यात भरून आणता येत नाही. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. पेट्रोलला फक्त वाट लागते, विजेला तार लागते.

फोर्डची गाडी आणि शेतकऱ्याचा जुगाड

आता गंमत बघा. सुरुवातीला शेतकऱ्यांना मोटार नावाची गोष्टच नको होती. शहरातले श्रीमंत धुरळा उडवत यायचे, घोडे बुजवायचे, कोंबड्या चिरडायचे. काही ठिकाणी गावकऱ्यांनी रस्त्यात चर खणले, आडव्या तारा बांधल्या.

मग ऑक्टोबर १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. गाडी जमिनीपासून चांगली वीतभर उंच. वजनाला हलकी, पोलाद चिवट. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असलं तरी अंग वळवून पुढे जायची. मोडली तर लोहार दुरुस्त करायचा. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर होती, ती १९२५ पर्यंत २६० च्या आसपास उतरली. त्याच काळात चांगली इलेक्ट्रिक गाडी अडीच-तीन हजार डॉलरला पडायची.

ही गाडी काही परिपूर्ण नव्हती. पेट्रोलची टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपसूक उताराने इंजिनात जायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ तीव्र आला की इंजिनाला पेट्रोलच मिळायचं नाही. मग लोक काय करायचे? गाडी उलटी फिरवायचे आणि रिव्हर्स गियरमध्ये घाट चढायचे! विचार करा, आज एखादी इलेक्ट्रिक गाडी अशी उलटी चढवावी लागली असती तर आपण तिचं काय केलं असतं. किती मीम झाले असते!

पण शेतकऱ्याने ते चालवून घेतलं. कारण ती गाडी त्याच्या कामाला आली. मागचं चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा लावायचा आणि लाकूड कापायची करवत चालवायची, धान्य दळायचं, पाणी उपसायचं. धुण्याचं मशीनसुद्धा चालवायचे. म्हणजे ज्या घरात वीज नव्हती, त्या घरात ही गाडीच वीज होती.

आता मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला आकडा सांगतो. १९३० साली अमेरिकेतल्या साधारण ५८ टक्के शेतांवर मोटारगाडी होती. वीज होती फक्त १३ टक्क्यांकडे. म्हणजे गाडी आधी पोचली, तार नंतर. ज्या गावात तार पोचलीच नव्हती, तिथे इलेक्ट्रिक गाडी हरली असं तरी कसं म्हणायचं? ती त्या शर्यतीत उतरलीच नव्हती.

शहरात ती टिकून होती. हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची गाडी चालवायची, नवऱ्याची पेट्रोल गाडी सोडून! १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने बनवलेला इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला, हँडल मारायची कटकट संपली आणि शहरातलं गिऱ्हाईकही पेट्रोलकडे वळायला लागलं. याच केटरिंगच्या कंपनीने पुढे शेतकऱ्यांसाठी इंजिन आणि बॅटऱ्यांचा छोटा वीजसंच काढला, डेल्को लाइट नावाचा. घरात दिवे लावायला तो पुरायचा. गाडी भरायला नाही.

तार शेवटी कशी आली

मे १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळी सरकारी यंत्रणा उभी केली. तिने स्वस्त कर्ज दिलं, पण खांब रोवले ते मुख्यतः शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी. पाच डॉलर वर्गणी भरायची आणि सभासद व्हायचं. आपल्याकडच्या दूध सोसायटीसारखंच समजा. तेव्हा दहातल्या एका शेतावर वीज होती. वीसेक वर्षांत दहातल्या नऊंवर आली.

पण तोवर उशीर झाला होता. इलेक्ट्रिक गाड्यांचे कारखाने बंद पडले होते. डेट्रॉइट इलेक्ट्रिकनेही १९३९ मध्ये दुकान आवरलं. तार आली तेव्हा गाडी निघून गेली होती.

एका ठिकाणी मात्र ती टिकली, आणि माझ्या आतेभावासाठी ते महत्त्वाचं आहे. इंग्लंडमध्ये घरोघर दूध टाकणाऱ्या गाड्या अनेक दशकं इलेक्ट्रिक होत्या. का? रूट ठरलेला, वेग कमी, दर दहा पावलांवर थांबा, आणि काम संपलं की गाडी डेपोत चार्जिंगला. जिथे रोजचं अंतर माहीत आहे आणि गाडी रात्री घरी येते, तिथे जुनी शिशाची बॅटरीसुद्धा पुरून उरली.

आता आपल्या डोंगरावर

आपल्याकडे गोष्ट बरोबर उलटी झालीय. तार आधी आली, गाडी नंतर. एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधल्या लैसांग गावात वीज पोचली आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज आली असं जाहीर झालं. पण यात एक मेख आहे. गावातल्या दहा टक्के घरांना जोडणी असली तरी नियमाप्रमाणे ते गाव विद्युतीकरण झालेलं धरलं जायचं. तार येणं वेगळं आणि लाइट असणं वेगळं, हे ज्याने रात्री दोन वाजता मोटर चालू करायला शेतात चक्कर मारलीय त्याला सांगायला नको.

गाडी मात्र आता सुधारलीय. मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो, त्यामुळे चढ ही तिची अडचण राहिलेली नाही. उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत बॅटरीत येते. आतेभावाचं काम बघा, भरलेले दुधाचे कॅन घेऊन तो खाली येतो. म्हणजे ओझं उतारावर, फायद्याचं! अर्थात पेंडीची पोती घेऊन वर जाताना त्यातलं बरंच परत द्यावं लागतं. फुकट काही नसतं.

रस्त्याचंही तसंच. माथेरानला मोटारींना बंदी. तिथे माणसं हातरिक्षा ओढायची. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि प्रयोग म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या. त्यानंतरचा बराच वाद रिक्षांच्या मोटरवर नव्हता, रस्त्यावर कुठले ब्लॉक बसवायचे यावर होता. म्हणजे १९०४ चीच गोष्ट, गाडीच्या आधी रस्ता बघा.

म्हणून मी आतेभावाला म्हटलं, "शोरूममध्ये नंतर जा. आधी वायरमनला भेट. आणि पंधरा दिवस वहीत दोन गोष्टी लिही. रोज किती किलोमीटर झाले आणि लाइट कधी गेली, कधी आली."

त्याने लिहिलं. रोजचं अंतर चाळीस ते पन्नास किलोमीटर, म्हणजे बाजारातल्या साध्या इलेक्ट्रिक गाडीलाही सहज झेपणारं. वायरमन म्हणाला, घराच्या मीटरचा मंजूर लोड कमी आहे, वाढवून घ्यावा लागेल आणि अर्थिंग नव्याने करावं लागेल. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू असताना व्होल्टेज पडतं, रात्री अकरानंतर ठीक असतं. पंधरापैकी तेरा दिवस रात्रीची वीज पुरेशी होती. एका दिवशी वळवाच्या वाऱ्याने खांब पडला आणि सव्वीस तास अंधार. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत लाइट नाही.

"दादा, दूध सव्वीस तास थांबत नाही," तो म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॉडेल टी घेणाऱ्या शेतकऱ्याने हाच विचार केला असणार. गाडी किती आधुनिक आहे हे त्याने बघितलं नाही. वाईट दिवशी ती आपल्या दारातून निघेल का, एवढंच बघितलं.

पण सव्वीस तासांचाही हिशोब करता येतो. बॅटरीत दोन दिवसांचं अंतर बसत असेल आणि रोज रात्री ती भरून ठेवायची सवय असेल, तर एक रात्र चुकली तरी पहाटेची फेरी होते. दोन रात्री चुकल्या तर नाही. त्याने लोड वाढवायचा अर्ज दिलाय. जुनी डिझेल गाडी इतक्यात विकायची नाही असं ठरवलंय. आणि वही लिहिणं चालूच आहे, आता पावसाळाभर. श्रावण संपला की मोजू म्हणतो.

तुमच्याही गावात कुणी इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर त्यांना हा एपिसोड पाठवा. आणि एक वही घेऊन द्या. भेटू पुढच्या भागात!