गावठी कुत्रा आणि मुंबईचा १८३२ सालचा हरताळ

आफ्रिकेत कोंगो नदीच्या खोऱ्यात कुत्र्याची एक जात आहे. तिला बासेंजी म्हणतात. हा कुत्रा भुंकत नाही. तो मुका आहे असे मात्र नव्हे. त्याच्या स्वरयंत्राची ठेवणच अशी आहे की आपल्या दारचा मोत्या जसा एकामागून एक भुंकत सुटतो तसे त्याला साधत नाही; आनंद झाला की गाण्याची लकेर घ्यावी तसा काहीसा आवाज तो काढतो. अंगाने लहान, कान ताठ, कपाळावर आठ्या आणि शेपूट पाठीवर गुंडाळी केलेले. तेथील शिकारी लोक त्याला घेऊन रानात जातात आणि सावज जाळ्याकडे हाकून घेतात. कुत्रा भुंकत नसल्यामुळे दाट झाडीत तो कोठे आहे हे कळत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा अडकवतात. आपण गुरांच्या गळ्यात घंटा बांधतो ती ज्या कारणाने, त्याच कारणाने.

या कुत्र्यावर साहेबाची नजर गेली. १८९५ साली एक जोडी इंग्लंडात नेली, ती डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने मेली. १९२३ साली लेडी हेलन नटिंग या बाईने सुदानातून सहा कुत्री नेली, तीही जगली नाहीत. अखेर ऑलिव्हिया बर्न या बाईंनी नेलेली कुत्री टिकली, १९३७ साली लंडनच्या प्रदर्शनात ती पाहायला गर्दी लोटली, आणि तेव्हापासून कोंगोच्या रानातला शिकारी विलायतेच्या दिवाणखान्यात गादीवर बसू लागला. आज त्याची वंशावळ लिहून ठेवतात आणि पिलाला मोठी किंमत मोजतात.

परंतु मला त्या कुत्र्याहून त्याच्या नावाचे अधिक नवल वाटते. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत 'म्शेंझी' म्हणजे रानटी, अडाणी माणूस. अनेकवचन 'वाशेंझी'. तोच शब्द कोंगोकडे 'बासेंजी' झाला. म्हणजे 'बासेंजी' हे मुळात कुत्र्याचे नाव नव्हेच. ती रानात राहणाऱ्या माणसांना किनाऱ्यावरच्या आणि शहरातल्या लोकांनी दिलेली शिवी आहे. 'रानट्यांचा कुत्रा' असे म्हणता म्हणता 'रानटी' हेच त्या कुत्र्याचे नाव पडले.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला इंग्रजीत 'पराया डॉग' म्हणत आले. आपल्याला वाटते, पराया म्हणजे परका, ज्याला घरदार नाही तो. तसे नाही. तमिळ भाषेत 'परै' म्हणजे ढोल. ढोल वाजवणारी ती परैयर जात. गावाने तिला वेशीबाहेर ठेवले. इंग्रज मद्रासेत उतरला, त्याने ही बहिष्कृत माणसे पाहिली आणि त्यांच्या जातीचे नाव उचलून बेवारशी कुत्र्याला लावले. पुढे इंग्रजी कोशांतून तो शब्द जगभर गेला. एक आफ्रिकेतला कुत्रा आणि एक हिंदुस्थानातला. दोघांची नावे दोन खंडांत वेगवेगळी पडली, पण दोन्ही नावे खालच्या मानलेल्या माणसांवरून पडली. मी जन्मभर कामगारांत वावरलो. कुणाला काय नावाने हाक मारतात यावरून त्याला पगार किती मिळत असेल याचा अंदाज बांधता येतो, हा माझा अनुभव. कुत्र्यांच्या बाबतीतही तो नियम चुकलेला दिसत नाही.

दिसण्यातही ही दोन कुत्री लांबच्या नात्यातली वाटतात. उभे कान, आखूड केस, पाठीकडे वळलेली शेपटी. बासेंजीची मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते, आणि आपल्या गावठी कुत्र्यांतही पुष्कळदा तसेच आढळते. विलायती जातींच्या माद्या साधारणतः दोनदा येतात. स्वभावाचा तर हिशेबच वेगळा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून, हुकूम पाळणाराच तेवढा राखून, जी विलायती जात तयार केली ती मालकाच्या तोंडाकडे बघत बसते. बासेंजी तसे करत नाही. तो मांजरासारखा अंग चाटून स्वच्छ ठेवतो, एकच धडा चारदा घेतला की कंटाळतो, आणि दोरी सोडली व समोरून काही पळाले, की तुमच्या हाकेला अर्थ उरत नाही. ज्यांनी ही कुत्री घरात वाढवली त्यांचा अनुभव असा, की पिलू असल्यापासून थोडाथोडा वेळ शिकवावे, जमले की लगेच खाऊ द्यावा आणि आवाज चढवू नये. मारून काही साधत नाही, उलट ते जन्माचे दुरावते. हे सारे आपल्या गावठी पिलाला शब्दशः लागू आहे. ज्याला शंका असेल त्याने रस्त्यावरचे दोन महिन्यांचे पिलू घरी आणून बघावे.

पण श्रोतेहो, आपल्या पूर्वजांनी कुत्र्याला शिकवण्याचे पुस्तक लिहिले नाही म्हणून शिकवलेच नाही असे समजू नका. आपले सारे शिक्षण तीन शब्दांत आहे : यू यू, छू आणि हाड. यू यू म्हणजे ये, भाकरी आहे. छू म्हणजे जा, तुटून पड. हाड म्हणजे नीघ. रायगड जिल्ह्यात, आपल्या वरसे-रोह्याच्या भोवतालच्या डोंगरांत, जो कोणी कुत्रे घेऊन रानात गेला त्याने याच तीन शब्दांवर काम भागवले. बाकीचे पिलू थोर कुत्र्यांच्या मागे हिंडून शिके, जसा गिरणीत पोरगा जुन्या साचेवाल्याच्या हाताखाली शिके. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ती शाळाही उठली. शब्द तेवढे राहिले. त्यांतल्या तिसऱ्याने तर माणसांतही बस्तान बसवले. कोणाला तुच्छतेने वागवले की आपण म्हणतो, त्याला हाडहूड केले.

या कुत्र्याला मालक नसतो असे म्हणतात तेही पुरते खरे नाही. त्याला एक मालक नसतो, इतकेच. एक घर शिळी भाकरी टाकते, दुसऱ्या घरच्या ओट्याखाली पावसात तो झोपतो, तिसऱ्या घरची पोरे त्याला नाव ठेवतात. त्या बदल्यात तो साऱ्या आळीची राखण करतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीला जाणारा कामगार फाटकावरच्या कुत्र्यांना ओळखीचा असतो. त्याच्यावर ती भुंकत नाहीत, नवख्यावर भुंकतात. हे त्यांना कोणी शिकवले? कोणीच नाही, आणि रोज येणाऱ्या साऱ्यांनी.

आपल्या देवांनीही त्याला दूर लोटले नाही. खंडोबाजवळ कुत्रा आहे, भैरवाचे तर ते वाहनच, दत्ताच्या पायांशी चार आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. रायगडावरच्या वाघ्याची आठवण येथे कोणालाही होईल. त्याचे स्मारक १९३६ सालचे. शिवकालीन कागदांत त्याचा आधार मिळत नाही असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात आणि त्यावरून वादही झाले. त्या वादात मी शिरत नाही. मुधोळच्या घोरपड्यांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांचे २००५ साली टपाल तिकीट निघाले. राजाचा कुत्रा इतिहासात जातो. बिनराजाच्या कुत्र्याचे नाव सरकारी कागदावर आले ते एकदाच मोठ्या अक्षरांत, आणि तेही मुंबईत.

तिथे जाण्याआधी पारशी समाजाचा आचार थोडा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. पारशांच्या वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्याविषयी एक अख्खे प्रकरण आहे. कुत्र्याला उपाशी ठेवणे, मारणे हे त्यात पाप सांगितले आहे. माणूस मेला की त्याच्या देहाला कुत्र्याची दृष्टी दाखवतात. त्या विधीला सगदीद म्हणतात. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम मानतात. आपल्या ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत. म्हणजे हे नाते फार जुने, दोन्ही समाज एकत्र होते तेव्हाचे.

मुंबईत इंग्रज सरकारने १८१३ पासून असा नियम केला होता, की वर्षातून दोन ठराविक हंगामांत रस्त्यावरची बेवारशी कुत्री मारावीत. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खोटी नव्हती. त्या काळी चावलेल्या माणसाला औषध नव्हते. पाश्चरची लस पुढे १८८५ साली आली. १८३२ मध्ये उन्हाळ्याची मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले.

येथे मी जरा थांबणार आहे, कारण हा माझा विषय आहे. नगावर मजुरी म्हणजे काय, हे ज्याने कारखान्यात पाहिले आहे त्याला पुढे काय घडले ते सांगावे लागणार नाही. आठ आणे कुत्र्यामागे आहेत, पिसाळलेल्या कुत्र्यामागे नाहीत. पिसाळलेला चावतो, तो हाती लागत नाही. हाती लागतो तो ओट्यावर झोपलेला, माणसाला सवकलेला, यू यू म्हटले की शेपूट हलवत येणारा. मग मारणारा कोणाला धरील? लोकांची तक्रार नेमकी हीच होती, की शिपाई पाळलेली कुत्रीसुद्धा सोडत नाहीत, घरांच्या आवारात शिरून नेतात. शिपाई स्वभावाने दुष्ट होते असे मानण्याची गरज नाही. दर ठरवणाऱ्याने दर चुकीच्या गोष्टीवर ठरवला होता.

६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कोटात जमावाने कुत्री मारणाऱ्या गोऱ्या पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद. नुसते पारशी नव्हते; हिंदू, जैन, काही मुसलमानही त्यात होते. जीवदयेचा प्रश्न जैनांचा होता, धर्माचा पारशांचा, आणि आपल्या दारात शिपाई शिरतो याचा राग सर्वांचाच. अशी निरनिराळी कारणे घेऊन माणसे एका मागणीपाशी येतात तेव्हा हरताळ होतो. सर्वांचे एकच कारण असावे म्हणून थांबून बसणाऱ्याचा हरताळ कधी होत नाही.

त्या हरताळाचा मर्मावर घाव कोठे बसला पाहा. कुलाब्याला गोऱ्या पलटणीची छावणी होती. कुलाबा तेव्हा वेगळे बेट होते. मुंबईला जोडणारा बांध झाला १८३८ साली. पलटणीला लागणारे सामान शहरातूनच जायचे. लोकांनी ते अडवले. पाव नाही, मांस नाही, पाणीसुद्धा नाही. रस्त्यावर बड्या साहेबांच्या गाड्यांवर घाण फेकली गेली. सरकारने जमाव पांगवण्याचा कायदा वाचून दाखवला, लष्कर बोलावले, धरपकड केली. मुंबईतली पहिली कापड गिरणी निघाली १८५४ नंतर, आणि नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली १८८४ साली. त्याच्या अर्धशतक आधी, संघटना नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, अशा लोकांनी पुरवठ्याची नस कोठे आहे हे बरोबर ओळखले होते.

पुढचा भाग मला तितकासा आवडत नाही, पण सांगितला पाहिजे. जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेटजींनी सरकारकडे अर्ज केला : दंगलीबद्दल क्षमा असावी, आणि कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत. सरकारने कुत्र्यांची मागणी मानली. जे रस्त्यावर सापडले त्यांच्यावर मात्र खटले चालले. १८३४ साली जमशेटजी जस्टिस ऑफ द पीस झाले. १८४२ मध्ये त्यांना सरकी मिळाली, १८५७ मध्ये बॅरोनेटचा मान. ते दानशूर होते यात वाद नाही. रुग्णालय, कलाशाळा, किती म्हणून सांगावे! १८३४ सालीच त्यांनी व गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईत पांजरपोळ उभारला तो या प्रकरणातूनच. कुत्र्यांना आसरा मिळाला, शेटजींना मान मिळाला. पाव अडवणाऱ्या हातांची नावे मात्र आपल्या पाठात नाहीत. तडजोड करणाऱ्यास मी दोष देत नाही, तडजोड मीही केली आहे. पण तडजोडीच्या कागदावर तुरुंगात गेलेल्यांची सुटका हे पहिले कलम असावे लागते.

कुत्री मारणे त्याने कायमचे थांबले नाही. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत मारतच होती आणि संख्या घटत नव्हती. एक गल्ली रिकामी झाली की शेजारची कुत्री तेथे येत. २००१ साली केंद्राचे नियम आले : पकडा, नसबंदी करा, लस टोचा, पुन्हा त्याच जागी सोडा. २०२३ साली ते नव्याने केले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात आपला आधीचा कडक हुकूम सौम्य करून, पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता इतरांबाबत हीच वाट सांगितली. कुत्रे चावल्याचे दुःख ज्याच्या घरी झाले त्याला हे पटणे कठीण, आणि त्याचा राग मी खोटा म्हणणार नाही. चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाव तास धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची; पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले, आता थोडी, दंडात असतात. अंगारे-धुपारे करण्यात घालवलेला दिवस परत मिळत नाही. आणि वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळीच तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

हे काम बहुतेक ठिकाणी ठेक्याने देतात, आणि ठेक्याचा दर पुष्कळदा कुत्र्यामागे असतो. म्हणजे पुन्हा तेच. नगावर पैसे मिळणारा माणूस ओट्यावरचे माणसाळलेले कुत्रे आधी उचलणार, ओढ्याकाठचे भित्रे कुत्रे राहून जाणार, आणि रोग बहुधा त्याच्याकडेच राहणार. आपल्याकडे असा ठेका निघेल तेव्हा दर कुत्र्यामागे आहे की आळी पुरी केल्यावर आहे, एवढे प्रत्येकाने आपल्या सभासदाला आधी विचारून घ्यावे.