माइकच्या पायांची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सांगताना आपण गायकाचं नाव घेतो, संगीतकाराचं घेतो, क्वचित ध्वनिमुद्रकाचंही घेतो. माइक ज्याच्या आधारावर उभा असतो, त्या स्टँडचं नाव मात्र कुणी काढत नाही. आज घरोघरी ध्वनिमुद्रण होऊ लागलं आहे. सोलापूरशेजारच्या आमच्या कुंभारीतही एखादा हौशी मुलगा खोलीच्या कोपऱ्यात संगणक मांडतो, चांगला वजनदार माइक आणतो आणि हलक्याफुलक्या स्टँडवर बसवतो. मग तो माइक हळूहळू खाली वाकू लागतो. हा प्रश्न आजचा नाही. आवाज टिपायला सुरुवात झाली, तेव्हापासून तो आहे.

सुरुवातीला माइक नव्हताच. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आले. तिथे त्यांनी गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. गायिकेसमोर होता एक कर्णा. त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. विजेची मदत नाही. केवळ गळ्यातल्या जोरावर सुई हलायची. अशा वेळी कर्ण्याला जरासा धक्का लागला, तर तोही मेणात कोरला जाणार. म्हणून कर्णा आधाराला भक्कम टांगलेला असे आणि गायकाने त्याच्यासमोरची आपली जागा सोडायची नसे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच वारले. त्यांच्या आवाजावर महाराष्ट्राने जीव टाकला, पण तो आवाज कसा होता, हे आज आपण वाचू शकतो, ऐकू शकत नाही. एका वर्षाचं अंतर किती मोठं असतं, ते इथे कळतं.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. त्या काळातला राइस मायक्रोफोन आज पाहिला तर नवल वाटेल. त्याचं अंग चक्क संगमरवरी ठोकळ्याचं होतं! जड दगड सहजासहजी थरथरत नाही, हा त्यामागचा विचार. पुढे आरसीए कंपनीचे रिबन माइक आले. त्यातलं मोठं लोहचुंबक आणि धातूचं कवच मिळून ४४ क्रमांकाच्या माइकचं वजन साडेतीन किलोंच्या वर जाई. एवढं ओझं पेलायचं म्हणजे स्टँडची बैठक ओतीव लोखंडाचीच हवी. जुन्या छायाचित्रांत वक्त्यांसमोर दिसणारी ती जाडजूड गोल बैठक शोभेसाठी नव्हती.

बोलपट आला आणि नवीच अडचण उभी राहिली. नट चालणार, वळणार, आणि माइक तर जागचा हलत नाही. १९३१ च्या 'आलम आरा'च्या वेळी माइक दृश्यात दिसू नयेत म्हणून इकडेतिकडे लपवले जात. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने चित्रीकरण रात्री उशिरा चाले. तिकडे हॉलिवूडमध्ये १९२९ च्या 'द वाइल्ड पार्टी'च्या वेळी डोरोथी आर्झनर या दिग्दर्शिकेने मासे पकडण्याच्या काठीला माइक बांधून तो नटीच्या डोक्यावर धरायला लावला. आजच्या लांब आडव्या दांड्याचं, म्हणजे बूमचं, मूळ अशा प्रयोगांत आहे. पण दांडा पुढे गेला की तोल पुढे जाणार, म्हणून मागच्या टोकाला वजन लावणं आलं. आपल्या तराजूचाच हा न्याय.

आपल्याकडे स्टुडिओत बराच काळ माइक एका जागी आणि माणसं त्याच्याभोवती, अशीच रीत होती. १९४९ च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्यात आवाज दुरून जवळ येतोय असा भास हवा होता. त्यासाठी माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्यापर्यंत चालत आल्या. माइक ठाम उभा होता, म्हणून अंतराचा तो खेळ जमला.

आता थोडं गणित पाहू. समजा, स्टँडची गोल बैठक मध्यापासून कडेपर्यंत १२ सेंटिमीटर आहे आणि स्टँडचं वजन ४ किलो. त्याला उभं धरणारं बळ झालं ४ गुणिले १२, म्हणजे ४८. माइक, त्याची स्प्रिंगची जाळी आणि तोंडासमोरची चाळणी मिळून १ किलो, आणि आडव्या दांड्यावर ते मध्यापासून ६० सेंटिमीटर पुढे. बैठकीच्या कडेपासून ते ४८ सेंटिमीटर बाहेर आहे. म्हणजे पाडणारं बळही ४८! दांड्याचं स्वतःचं वजन तर अजून धरलेलंच नाही. वायर नुसती ओढली गेली तरी स्टँड आडवा होणार. आता २ किलोंची वाळूची पिशवी बैठकीवर ठेवली, तर सावरणारं बळ ७२ होतं. तेच २ किलो दांड्याच्या मागच्या टोकाला, मध्यापासून २० सेंटिमीटरवर टांगले, तर ते ११२ होतं. वजन तेवढंच, जागा बदलली.

तीन पायांच्या स्टँडचा आणखी एक गुण आहे. चौथा पाय नसल्यामुळे तो आपल्या उंचसखल शहाबादी फरशीवरही डुगडुगत नाही. मात्र आडवा दांडा नेहमी एका पायाच्या बरोबर वर यायला हवा. तो दोन पायांच्या मधल्या मोकळ्या दिशेला गेला, तर आधाराची कड निम्म्या अंतरावर येते आणि स्टँड त्याच बाजूला कलंडतो.

न पडणं ही झाली अर्धी गोष्ट. जमिनीतून येणारी थरथर ही उरलेली अर्धी. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा ठोका भिंतीतून, फरशीतून घरात शिरतो आणि स्टँडच्या पायातून वर चढतो. कानाला तो जाणवत नाही, माइकला जाणवतो. यावर मला पटलेला उपाय साधा आहे. खाली चौपदरी घडी केलेली सोलापुरी चादर, तिच्यावर जाड फरशीचा तुकडा आणि त्यावर स्टँड. चादर थरथर जिरवते, फरशी तोल सांभाळते. स्टँड नुसत्या चादरीवर ठेवला तर तो पुन्हा डुलणार, म्हणून मधली फरशी टाळू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतल्या काही हजार ओव्या बायकांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. जी म्हातारी ओवी गाते, तिला 'पुन्हा एकदा म्हणा' असं किती वेळा सांगणार? तीच ओवी त्याच ओघात दुसऱ्यांदा येईलच, असं नाही.

कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. या घरांत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा भाषा बोलल्या जातात. पानं कापता कापता, सुपावर विडी वळता वळता आयुष्य काढलेल्या बायकांना गाणी पाठ आहेत, गोष्टी ठाऊक आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हाती आता माइक आला आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की आजीला समोर बसवण्याआधी स्टँडचा पाय तपासा, वाळूची पिशवी ठेवा, वायर पायाशी बांधून घ्या. मग निवांतपणे म्हणा, "आजी, आता म्हण."