तीन मिनिटांचा राग

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. पुढे रूढ झालेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात आटोपावा लागे. म्हणून या तबकड्यांना अपुऱ्या मानण्याची रीत आहे. आम्हांस ती पटत नाही. १९२२ साली निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची गायकी आठवणींतून आणि बालगंधर्व, मास्टर कृष्णराव या शिष्यांच्या तबकड्यांतून अनुमानावी लागते. लाखेच्या या ठिसूळ तबकड्या जुन्या बाजारांतून वेचून जपणारे संग्राहक म्हणूनच आम्हांस इतिहासकार वाटतात. तीन मिनिटांत सगळा राग मावत नसेल, पण गळा, उच्चार आणि लयीचा स्वभाव मावतो. वर्णन कितीही रसाळ असले, तरी ते ऐकू येत नाही.