टाकी कुणाची, रूळ कुणाचे

पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला 1859 मध्ये तेल लागले आणि ते बाहेर न्यायचे कसे, हा प्रश्न लगोलग उभा राहिला. लाकडी पिंपे गळत, फुटत. 1865 मध्ये एमॉस आणि जेम्स डेन्समोर या भावांनी सपाट वाघिणीवर दोन मोठी लाकडी पिंपे उभी बसवली. एकेका पिंपात सुमारे 1700 गॅलन तेल मावे. पण ही पिंपे वरच्या बाजूला जड असल्याने वळणावर डुलत आणि सांध्यांतून पाझरत. पाचेक वर्षांतच लोखंडी आडवी टाकी आली, आणि उन्हात फुगणाऱ्या तेलाला वाव हवा म्हणून तिच्या पाठीवर घुमट चढला. माझ्या मते या सगळ्याहून जास्त परिणाम केला तो त्याच काळातल्या एका व्यवहाराने. येताना भरलेली आणि जाताना रिकामी धावणारी, एकाच मालाच्या कामाची वाघीण बांधण्यात पैसा घालायला रेल्वे कंपन्या नाखूश होत्या; तेलाचा धंदा किती टिकेल याचाही भरवसा नव्हता. म्हणून टाकी मालवाल्याची आणि रूळ रेल्वेचे, अशी वाटणी झाली. स्टँडर्ड ऑइलने तर स्वतःच्या टाक्यांच्या जोरावर रेल्वे कंपन्यांना वाकवले. धोकादायक मालाच्या वाहतुकीतले उपाय ठाऊक असूनही उशिरा का आले, याचे उत्तर मला तंत्राच्या अज्ञानापेक्षा या वाटणीत जास्त सापडते.

ओक्लाहोमातल्या आर्डमोरचा 1915 चा स्फोट पाहा. नैसर्गिक वायूतून काढलेल्या अतिशय हलक्या पेट्रोलची एक टाकी सप्टेंबरच्या उन्हात स्टेशनाजवळ उभी होती आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सोडत होती. तो व्हॉल्व्ह नेमून दिलेले कामच करत होता. दुरुस्तीसाठी तेलशुद्धीकरण कारखान्याचा माणूस आला आणि त्याने दाब उतरायच्या आत घुमटाचे झाकण उघडले. पेट्रोलची वाफ गावभर पसरली, कुठेतरी ठिणगी मिळाली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. झाकण उघडणारा रेल्वेचा नव्हता, तरी भरपाई रेल्वेच्या गळ्यात पडली. आत दाब असताना झाकण निघूच नये अशी रचना पुढे नियमात आली. असे झाकण बनवायला कुठल्याही नव्या शोधाची गरज नव्हती.

1970 च्या दशकात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. 21 जून 1970 रोजी इलिनॉयमधल्या क्रेसेंट सिटीत प्रोपेनच्या टाक्या रुळावरून घसरल्या. एक टाकी फुटून पेटली आणि तिच्या ज्वाळांनी शेजारच्या टाक्या तापू लागल्या. टाकीच्या खालच्या भागातला द्रव पत्र्याची उष्णता शोषून घेतो. वरच्या भागात मात्र नुसता वायू असतो, तिथला पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि फाटतो. व्हॉल्व्ह उघडा असला तरी ते टळत नाही. यावरचे उपाय साधे होते: एका वाघिणीचे कपलिंग उसळून दुसरीच्या टाकीत घुसू नये म्हणून वर-खाली अडणी असलेले कपलिंग, टाकीच्या टोकांना पोलादी ढाल आणि अंगावर उष्णतारोधक थर. नियम 1977 मध्ये निघाला, पण जुन्या टाक्यांना मुदत सैल होती. फेब्रुवारी 1978 मध्ये टेनेसीतल्या वेव्हर्लीत प्रोपेनची एक टाकी घसरली. थंडीत दोन दिवस ती शांत पडून होती. हवा तापली, आतला दाब वाढला, मुका मार लागलेला पत्रा उकलला आणि 16 जण मेले. पोलिसप्रमुख आणि अग्निशमन प्रमुख त्यांतलेच. मग कुठे मुदत अलीकडे ओढली गेली.

यावर कुणी म्हणेल की त्या दशकात टाकीवाले आणि रेल्वेवाले एकत्र बसून संशोधन करतच होते, मग वाटणीला दोष का? संशोधन झाले हे खरेच, आणि ते उत्तम झाले. पण ते दाबाच्या टाक्यांपुरते राहिले. बिनदाबाच्या, पातळ पत्र्याच्या डीओटी-111 टाक्या तशाच धावत राहिल्या. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने 1991 मध्येच त्यांच्यावर बोट ठेवले होते. 2011 मध्ये उद्योगाने नव्या टाक्यांचा पत्रा जाड केला. जुन्यांना हात लावला नाही, कारण तो खर्च टाकीच्या मालकाचा आणि जळणारे गाव दुसऱ्याचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. 6 जुलै 2013 रोजी क्विबेकमधल्या लाक-मेगांतिकमध्ये 47 माणसे मेली, ती टाकीमुळे नव्हे, पुरेसे हँडब्रेक न लावता उतारावर उभी केलेली कच्च्या तेलाची गाडी निसटल्यामुळे. ताशी शंभराहून अधिक किलोमीटरने घसरलेली जाड टाकीही फुटली असती. हे मी मान्य करतो. पण तपासात आणखी काय निघाले तेही पाहावे. गाडीवर एकच माणूस ठेवणे आणि ब्रेक कमी लावणे ही रेल्वेची चूक. पातळ टाक्या भाड्याने देणाऱ्यांच्या. आणि कच्चे तेल कागदोपत्री दाखवले होते त्याहून जास्त ज्वालाग्राही, ही मालवाल्यांची बाजू. तिघांपैकी प्रत्येकाला आपल्या वाटणीचा धोका लहान दिसत होता. ती रेल्वे दिवाळखोर झाली आणि सुमारे 45 कोटी कॅनेडियन डॉलरची भरपाई जवळपास पंचवीस कंपन्यांकडून गोळा करावी लागली. इटलीतल्या व्हियारेज्जोत 2009 मध्ये 32 बळी गेले तेव्हाही तुटलेला आस भाड्याच्या वाघिणीचा होता आणि गाडी चालवणारी कंपनी वेगळी.

सगळी मालकी एका हाती दिली असती तर सगळे सुरळीत झाले असते, असा दावा मी करत नाही. रेल्वेवर सोपवले असते तर तेलाची टाकी बनली असती की नाही याचीच शंका आहे. मात्र मालकी वाटलेली असताना जुन्या टाक्यांसाठी ठरलेली तारीख हाच एक उपाय चाललेला दिसतो, आणि ती जितकी लांबची, तितका तो निकामी. मे 2015 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने मिळून नवा नियम काढला. अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वाहतुकीतून डीओटी-111 आधी बाद झाल्या, नंतर इथेनॉलच्या. इतर ज्वालाग्राही द्रवांसाठी त्यांना 2029 पर्यंत सवलत मिळाली. फेब्रुवारी 2023 मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला गाडी घसरली, तेव्हा या सवलतीतल्याच टाक्या फुटून आग भडकली. त्या आगीत व्हिनाइल क्लोराइडच्या पाच मजबूत टाक्या तापल्या, आणि त्या फुटतील या भीतीने त्यांतला माल मुद्दाम बाहेर काढून जाळण्यात आला. तसे करण्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष तपास मंडळाने पुढे काढला, आणि डीओटी-111 लवकर हटवा ही मागणीही त्याच तपासातून पुन्हा झाली.