इनामांची चौकशी

'आमच्या पणजोबांचें इनाम सरकारनें काढून घेतलें' अशी हकीकत पुण्या-साताऱ्याकडील जुन्या घरांतून पुष्कळदां ऐकूं येते. तिच्या मुळाशीं राज्यकारभारांतील एक अवघड प्रश्न आहे. शेतजमिनीस दिलेली साऱ्याची माफी खरी कीं खोटी, हें कोणी व कशावरून ठरवावयाचें?

इ. स. १८१८ सालीं पेशवाई बुडाली त्या वेळीं देवाच्या नंदादीपासाठीं, पिराच्या उरुसासाठीं, विद्वान् ब्राह्मणाच्या योगक्षेमासाठीं किंवा लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठीं सोडलेल्या जमिनी गांवोगांव होत्या. त्यांवर सारा नसे, किंवा जुडी म्हणून थोडीशी रक्कम असे. एल्फिन्स्टननें आपल्या जाहीरनाम्यांत हीं इनामें चालविण्याचें अभिवचन दिलें. परंतु माफी म्हणजे खजिन्यास तूट. शिवाय बनावट सनदांचा संशय सरकारास होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता. १८४३ सालीं दक्षिण मराठे मुलखांत चौकशी सुरू झाली. पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशन स्थापन झालें.

कमिशनच्या नियमांपैकीं एक पाहण्यासारखा आहे. वंशपरंपरा इनाम चालावयाचें, तर इंग्रजी अंमलापूर्वीं साठ वर्षें अखंड भोगवटा दाखवावा लागे. पेशव्यांच्या मुलखांत याचा अर्थ पानिपताच्याही आधींपासूनचा! पुराव्याचा भार सर्वस्वीं इनामदारावर. ज्या घरांत ओल, वाळवी आणि भाऊबंदांच्या वाटण्या यांतून एखादा कागद उरला असेल, त्यांनीं तो आणावा. मग सरकारी अधिकारी पेशवे दप्तरांतील नोंदींशीं तो ताडून पाहणार. निकालाविरुद्ध दिवाणी न्यायालयाची वाट बंद. म्हणजे वादीही सरकार आणि न्यायाधीशही सरकारच. सर जॉन के या इंग्रज इतिहासकारानेंच नमूद केलें आहे कीं, सुमारें ३५,००० इनामांची विचारणा झाली व पहिल्या पांच वर्षांत त्यांपैकीं तीनपंचमांश जप्त झालीं.

या असंतोषाची धग १८५८ सालीं नरगुंदास दिसली. दत्तकाची परवानगी नाकारल्यामुळें दुखावलेल्या बाबासाहेब भाव्यांनीं बंड केलें व मॅन्सन हा पोलिटिकल एजंट मारला गेला. हा पूर्वीं इनाम कमिशनांतीलच अधिकारी. पुढें बाबासाहेबांस बेळगांवीं फांशीं देण्यांत आलें. १८५९ सालीं मुंबईचा पत्रकार रॉबर्ट नाइट यानें कमिशनवर कडक टीकेची पुस्तिका प्रसिद्ध केली.

शेवटीं १८६३ सालीं सरकारनें तडजोड केली. दक्षिणेंतील इनामदारानें आकाराच्या सुमारें चौथाईइतकी रक्कम दरसाल द्यावी. मग त्याचें इनाम कायम, वारशानें चालणारें व विकतांही येणारें. खरेंखोटें शोधण्याचा खटाटोपच संपला! तो आधींच संपता तर कितीएक घरें वांचतीं. पुढें १९५२ च्या कायद्यानें व्यक्तिगत इनामें रद्द झालीं.

दप्तर मात्र राहिलें. ज्या कागदांच्या आधारें जमिनी गेल्या, तेच रुमाल गोविंद सखाराम सरदेसायांनीं सोडविले, आणि १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून निघाले.