पेट्रोलची टाकी, गंज आणि बदलते इंधन

6 फेब्रुवारी 2023 रोजी बेंगळुरूत 'इंडिया एनर्जी वीक'मध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, म्हणजे ई-20च्या, विक्रीला आरंभ झाला. पहिल्या टप्प्यात ते 84 पंपांवर मिळू लागले. याच शहरात आजही जुन्या येझदी धावताना दिसतात. त्या शेजारच्या म्हैसूरला, 1996 मध्ये बंद पडलेल्या आयडियल जावा कारखान्यात तयार झाल्या. त्यांच्या पोलादी पत्र्याच्या टाक्या या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या. अशा टाक्या गंजापासून कशा वाचवायच्या, हे समजून घेण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहू.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. कोरड्या पेट्रोलात बुडालेला पत्रा सहसा गंजत नाही. पण टाकी अर्धी रिकामी असली की रात्री आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत येते. तिच्यातली वाफ पत्र्यावर थेंबांच्या रूपात जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते. म्हणून टाकी बहुधा दोन ठिकाणी आधी सडते: इंधनाच्या पातळीच्या वरच्या भागात आणि तळाच्या खोलगट कोपऱ्यात.

धातूला धातूनेच वाचवण्याचा शास्त्रीय प्रयोग हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये केला. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावर तांब्याचा पत्रा असे आणि समुद्राचे पाणी तो खात असे. डेव्हींनी त्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले आणि तांबे वाचले. पण विरघळणारे तांबेच शेवाळ व शिंपले दूर ठेवत होते. तांबे विरघळेनासे झाल्यावर जहाजांच्या तळावर ते दाट वाढले, जहाजे मंदावली आणि ही पद्धत सोडून द्यावी लागली. उपाय शास्त्रशुद्ध होता, पण भोवतालच्या परिस्थितीशी त्याचा मेळ बसला नाही.

1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. इथे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. कथलाचे तसे नाही. पितळी भांड्यांवरची कल्हई तुम्ही पाहिली असेल. लोखंडावर कथलाचा थर दिला आणि तो खरवडला गेला, तर ओलाव्यात उघडे पडलेले लोखंड उलट लवकर गंजते. विसाव्या शतकात मोटारींच्या टाक्यांसाठी शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेला पत्रा फार वापरला गेला. त्याला 'टर्न' पत्रा म्हणतात. तो सहज वाकतो, त्याला डाग देता येतो आणि साध्या पेट्रोलात तो चांगला टिकतो.

मग इंधन बदलले. भारतात 2001 मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प झाले. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले आणि 2022 मध्ये देशाने 10 टक्क्यांचा टप्पा गाठला. साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना यातून बाजार मिळाला, तेलाच्या आयातीवरचा भारही हलका झाला. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते पेट्रोलात विरघळवून ठेवते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर बनतो आणि तळाशी बसतो. या थरातून वीज वाहू शकते, म्हणून गंजाच्या विद्युत्-रासायनिक क्रियेला तो अनुकूल असतो. 85 टक्के इथेनॉलच्या इंधनासाठी टर्न पत्रा अयोग्यच मानला जातो. 20 टक्क्यांना धोका त्याहून कमी, पण महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो दुर्लक्षून चालत नाही.

आता उपाय पाहू. गाडी नियमित चालवा, म्हणजे इंधन जुने होत नाही. काही आठवडे उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा. फार दीर्घ काळासाठी ती रिकामी करून पूर्ण कोरडी करा. झाकणाची रबरी चकती फाटली असेल तर बदला, कारण पावसाचे पाणी तिथूनच शिरते. गंज आधीच धरला असेल तर सौम्य फॉस्फरिक आम्लाने तो काढता येतो आणि पत्र्यावर लोह-फॉस्फेटचा पातळ थर उरतो. पोलादावर असा थर देण्याचे पेटंट कॉस्लेट यांनी ब्रिटनमध्ये 1906 मध्ये घेतले होते. पण हा थर एकट्याने पुरत नाही. टाकी धुऊन लगेच वाळवावी लागते आणि आतून लेप द्यायचा असेल तर तो इथेनॉलमध्ये टिकणाराच निवडावा लागतो. जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलमध्ये मऊ पडतात, सुटतात आणि कार्ब्युरेटरची छिद्रे बुजवतात. एक इशारा: रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ स्फोटक असते. तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ठिणगी नको.

डेव्हींच्या जहाजांपासून येझदीच्या टाकीपर्यंत एक गोष्ट कायम आहे. कोणताही मुलामा धातू आणि त्याच्याशी संपर्कात येणारा द्रव, या दोघांची जोडी पाहून ठरवलेला असतो. द्रव बदलला की तो निर्णय पुन्हा तपासावा लागतो. नव्या गाड्यांसाठी हे काम कारखाना करतो. जुन्या गाडीसाठी ते मालकाला आणि मेकॅनिकला करावे लागते, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे तुमच्यासारख्या अभियंत्यांचे काम आहे.

स्वाध्याय: जस्ताचा आणि कथलाचा थर दिलेले दोन पत्रे खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवल्यास काय दिसेल? विद्युत्-रासायनिक श्रेणीच्या आधारे कारण लिहा.