चिखल, पंचनामा आणि विमा

पुरांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पाण्याचा इतिहास लिहितो. पाऊस किती पडला, पाणी कोठवर चढले, माणसे किती दगावली याच्या नोंदी होतात आणि पाणी ओसरले की प्रकरण संपते. ज्यांच्या घरात पाणी शिरले होते त्यांच्यासाठी मात्र ते तेथेच सुरू होते. दार उघडल्यावर दिसणारा गुडघाभर गाळ, भिजून फुगलेली कपाटे आणि आंबू लागलेले धान्य यांचे काय करायचे, आणि या नुकसानीचा भार कोणी उचलायचा, हे प्रश्न पुराच्या दुसऱ्या दिवसाचे असतात. या दुसऱ्या दिवसाचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. येथे त्याची काही पाने उलगडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात याची सुरुवात १२ जुलै १९६१ या दिवसापासून करणे सोयीचे आहे. आंबी नदीवर पानशेत येथे बांधले जात असलेले मातीचे धरण त्या दिवशी सकाळी फुटले. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते, त्यावरचा भराव खचत चालला होता आणि तो सावरण्यासाठी लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या होत्या. पानशेतच्या लोंढ्यापुढे खाली असलेले खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातील दगडी धरणही टिकले नाही, आणि दुपारपर्यंत मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत, डेक्कन जिमखान्यावर व शिवाजीनगरात शिरले. पुढे चौकशी आयोग नेमले गेले, जबाबदारीची चर्चा वर्षानुवर्षे चालली. पुण्याच्या स्मरणात राहिला तो हा भाग. आमचे लक्ष त्यानंतरच्या आठवड्यांकडे आहे.

जुन्या पुण्यातील वाड्यांची रचना ध्यानात घेतली म्हणजे त्या आठवड्यांची कल्पना येते. दगडी जोते, वर लाकडी सांगाडा, आणि त्यात मातीत रचलेल्या विटांच्या भिंती. अशी भिंत पाण्यात काही तास उभी राहिली की तिच्यातील माती विरघळते. भिंत लगेच पडतेच असे नाही. पुष्कळदा ती पाणी उतरल्यावर, भिजल्या वजनाने, एक-दोन दिवसांनी बसते. म्हणजे सामान काढायला घरात परतलेला माणूस पुराच्या वेळेपेक्षा अधिक सुरक्षित असतो, हा समज खरा नव्हे.

यात भर पडली ती एका विलक्षण विपर्यासाची. ज्या शहराला गाळ धुऊन काढायचा होता, त्या शहराला धुण्यासाठी पाणीच उरले नव्हते. पुण्याचा पाणीपुरवठा खडकवासल्याच्या जलाशयावर अवलंबून होता आणि तो जलाशयच वाहून गेला होता. नळ आल्यापासून दुर्लक्षित झालेल्या आडांना आणि विहिरींना त्यामुळे पुन्हा महत्त्व आले. गाळ ओला असताना फावड्याने उचलता येतो. वाळला की तो थर धरतो आणि कुदळीशिवाय सुटत नाही. तेव्हा पाण्याची वाट पाहत थांबणे म्हणजे काम दुप्पट करणे होते. प्रत्येक कुटुंबाने हातात होते ते पाणी स्वयंपाकाला वापरायचे की जमिनीला, याचा हिशेब मांडला असणार.

आता दुसरा प्रश्न: पैसे कोणाचे? १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते, पण घर, दुकान, माल यांचा विमा १९६१ मध्ये खासगी कंपन्यांच्या हाती होता. अग्निविम्याच्या पत्रात पूर हा मूळ धोका नव्हता. तो जादा हप्ता देऊन जोडून घ्यावा लागे. पेठेत भाड्याने राहणाऱ्या कारकुनाने वा शिक्षकाने तसे काही केले असण्याचा संभव फारच कमी. त्यामुळे पुण्याचे पुनर्वसन उभे राहिले ते सरकारी मदत, कर्जे, देणग्या आणि सहकार यांवर. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्यावर हे काम सोपवले आणि त्यांनी ते इतक्या तडफेने केले की १९६२ च्या निवडणुकीत शिवाजीनगरमधून ते विधानसभेवर निवडून आले. गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती वसल्या, पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था निघाल्या. ‘पूरग्रस्त’ हा शब्द एका आपत्तीपुरता न राहता सातबारा आणि संस्थांच्या कागदांवर जाऊन बसला. यातील सरकारी जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. मदतीतून मिळालेल्या गोष्टीचा हा स्वभावच असतो. ती उदार असू शकते, पण ती कधी पूर्ण आपली होईल हे देणाऱ्याच्या हाती राहते.

मग विमा का नव्हता? याचे उत्तर विम्याच्याच इतिहासात आहे. १६६६ साली लंडन जळाले आणि त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत निकोलस बार्बन याने तेथे घरांचा अग्निविमा सुरू केला. आग कोणाच्याही घराला लागू शकते, आणि एका वेळी सहसा थोड्याच घरांना लागते. म्हणून अनेकांच्या लहान हप्त्यांतून एकाची मोठी हानी भरून निघते. पुराचे गणित याच्या नेमके उलट आहे. डोंगरावरचा माणूस पुराचा विमा घेत नाही, नदीकाठचाच घेतो. आणि पूर आला की सगळ्या नदीकाठच्यांचे दावे एकाच दिवशी येतात. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर अमेरिकी कंपन्यांनी पुराच्या विम्यातून जवळजवळ अंग काढून घेतले. अखेर १९६८ साली तेथे सरकारनेच पूरविम्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. फ्रान्सने १९८२ च्या कायद्याने वेगळी वाट धरली: प्रत्येक मालमत्ता विम्यात नैसर्गिक आपत्तीचा भाग सक्तीचा केला, म्हणजे डोंगरावरचाही नदीकाठच्याच्या वाट्याला हातभार लावू लागला.

आपल्याकडे सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले. पुढे घरासाठीच्या प्रमाणित अग्निविम्यात वादळ व पूर यांचा समावेश झाला, परंतु हप्ता कमी करून हा भाग वगळण्याची मुभाही राहिली. शिवाय ‘सरासरी’चे कलम असे. वीस लाखांचे घर दहा लाखांना विमित केले असेल आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर मिळणार एकच लाख. कारण उरलेल्या निम्म्या घराचे विमेदार आपण स्वतःच आहोत, असे कंपनी मानते. हे कलम अन्यायाचे नाही, पण ते बहुतेकांना कळते ते दावा केल्यावर.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच काळात कुलाब्याला ७४ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरातील दोन टोकांमधला हा फरक पूरविम्याची अडचण कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट करतो. मुंबईच्या तळमजल्यांवर त्या आठवड्यात जो संघर्ष घडला, तो चिखल आणि कागद यांमधला होता. आरोग्याचे शास्त्र सांगते की गाळ ताबडतोब काढा, लेप्टोस्पायरोसिससारखे रोग साचलेल्या पाण्यातून येतात, भिजलेली गादी घरात ठेवू नका. दावा सांगतो की सर्व्हेअर येईपर्यंत नुकसान दिसले पाहिजे. घरातील कचरा हाच पुरावा असतो, आणि तो टाकून दिला की पुरावाही जातो.

वस्तुतः विमापत्राच्या अटींतच यातून वाट आहे. हानी वाढू नये म्हणून वाजवी उपाय करणे हे विमेदाराचे कर्तव्य मानले जाते. म्हणजे सफाई करणे हा दोष नव्हे. फक्त तिचा क्रम हवा. आधी वीज मुख्य बटणापाशी बंद, मग भिंतीवरील पाण्याच्या रेषेची आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे, कंपनीला लेखी सूचना, टाकलेल्या वस्तूंची यादी, आणि त्यानंतर फावडे. आमच्या जुन्या पिढ्यांनी गाळ काढून भिंतींना चुना मारला तो जंतूंसाठी. आज त्याच भिंतीवरील रेष पुसण्याआधी तिचे चित्र घेणे हा त्या शहाणपणाचाच पुढचा भाग आहे.

सरकारी पंचनामाही नुकसानच मोजतो, पण वेगळ्या मापाने. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट घराला १ लाख २० हजार रुपयांची मदत आहे. घर कोणाचे, किती मोठे, यावर ती अवलंबून नाही. पंचनामा गरज पाहतो, विमा करार पाहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगलीत अनेक दिवस पाणी राहिले, तेव्हा या दोन मापांमधली पोकळी पुन्हा दिसली: दुकानातला माल, यंत्रे, भाडेकरूचे सामान यांतले पुष्कळसे दोहोंच्या मधे सांडते.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र आले. त्यात पूर अंतर्भूत आहे, कमी रकमेच्या विम्याबद्दलची सरासरीची कपात नाही, आणि घराचा विमा घेतल्यास त्याच्या वीस टक्के, पण कमाल दहा लाखांपर्यंत, सामानाचा विमा यादी न देताही मिळतो. १९६१ च्या मानाने ही फार मोठी वाटचाल आहे. तरी प्रश्न शिल्लक राहतो तो पत्र घेण्याचा. घराच्या कर्जासाठी बँकेने मागितले म्हणून विमा घेणारे आपण, कर्ज फिटले की तो सोडून देतो.

महाराष्ट्रातील नद्यांच्या नकाशांवर पाटबंधारे खाते निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. पहिली पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतल्या पुराची. या रेषा कोठून जातात हे घर घेताना आपण क्वचितच पाहतो. ‘पूरग्रस्त’ या शब्दाने मदत मिळवून दिली आणि ती लागलीही. परंतु मदतीची वाट पाहणारा नागरिक आणि कराराने हक्क मागणारा नागरिक यांत अंतर असते. ते अंतर कमी करायचे तर ते काम पाऊस सुरू होण्यापूर्वीचे, कोरड्या दिवसांतले आहे.